पुन्हा पुन्हा पडणारं स्वप्न आणि आपला आत्मविश्वास

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पंचवीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल तुम्हा-आम्हा सर्वांचंच अभिनंदन.

काल याच सभागृहात पुनर्विकासावर भाषण झालं. ती जागेपणी पाहायची स्वप्नं. आज मला झोपेतल्या स्वप्नांवर बोलायला सांगितलंय. कालच्यापेक्षा आज भांडणं कमी होतील अशी आशा आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. वर्गाबाहेर मुलांशी, पालकांशी बोलण्यातच माझा बराच वेळ जायचा. त्यात एक गोष्ट वारंवार कानावर यायची: "मॅडम, मला एकच स्वप्न सारखं पडतं. याचा काही अर्थ असतो का?" आजचा विषय एवढाच.

आधी एक छोटी पाहणी करू. लाजू नका. परीक्षेला बसलोय आणि काहीच आठवत नाही, किंवा उशीर झालाय, किंवा हॉलच सापडत नाही, असं स्वप्न नोकरीला लागून, लग्न होऊन, नातवंडं झाल्यावरही कोणाकोणाला पडतं? हात वर करा... बघा, जवळजवळ अर्धं सभागृह. आता, गाडी डोळ्यांदेखत सुटते, पाय उचलतच नाहीत?... बरेच. दात पडतात?... उंचावरून पडतो?... आणि चारचौघांत अंगावर धड कपडे नाहीत? यात कोणी हात वर करणार नाही, पण हसू कोणाकोणाला आलं ते मी पाहिलंय.

म्हणजे पहिली गोष्ट ही की आपण एकटे नाही. वरच्या मजल्यावरचे साहेब आणि खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी, दोघंही रात्री त्याच गणिताच्या पेपराला बसलेले असतात.

शकुन-अपशकुन

आपल्याकडे स्वप्नफळांची मोठी परंपरा आहे. साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर घरातलं माणूस जाणार. आजीने सांगितलेलं असतं, ते मनात घट्ट बसलेलं असतं. मी कोणाच्या श्रद्धेला हात लावणार नाही. पण आपली जुनी शास्त्रंसुद्धा सरसकट शकुन पाहत नव्हती, हे सांगितलं पाहिजे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि मनाने रचलेलं, हे पहिले पाच प्रकार. यांना काही फळ नसतं, असं वैद्याने समजावं असं तिथे म्हटलं आहे. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हणही दुसरं काय सांगते?

दातांच्या स्वप्नाबद्दल तर २०१८ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी अभ्यास केला. दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध त्यांना मानसिक त्रासाशी आढळला नाही. सकाळी उठताना दात-हिरड्या ठणकणं, आवळल्यासारखं वाटणं, याच्याशी आढळला. तेव्हा असं स्वप्न वारंवार पडत असेल, तर गावी फोन करून सगळ्यांची खुशाली विचारण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

झोपेत काय चालतं

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक वेळाने आपले डोळे मिटलेल्या पापण्यांखाली भराभर हलतात. त्या वेळी माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. साधारण दीड तासाचं एक चक्र, रात्रीत अशी चार-पाच चक्रं, आणि पहाटेकडे ही स्वप्नांची झोप लांबत जाते. 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' म्हणतात. खरं होतं की नाही ते राहू द्या, पण लक्षात जास्त राहतं हे नक्की.

या झोपेत हातापायांचे स्नायू जवळपास बंद असतात. स्वप्नात पळायचं असतं आणि पाय उचलत नाहीत, त्याचा याच्याशी संबंध असावा असं काही अभ्यासक मानतात.

आता तेच ते स्वप्न परत परत का पडतं? याला सर्वमान्य असं एक उत्तर नाही. पण १९८६ साली कॅनडातल्या ब्राउन आणि डोंडेरी यांनी तीन प्रकारच्या माणसांची तुलना केली. ज्यांना असं स्वप्न सध्या पडतं, ज्यांना पूर्वी पडायचं पण आता थांबलंय, आणि ज्यांना ते कधीच पडलं नाही. सध्या पडणाऱ्यांचं मन जास्त अस्वस्थ होतं. ज्यांचं थांबलं होतं त्यांची स्थिती चांगली होती. म्हणजे असं स्वप्न हा तापासारखा प्रकार आहे. ताप हा स्वतः रोग नसतो, पण आत कुठेतरी काहीतरी चाललंय हे तो सांगतो.

परीक्षेचं स्वप्न काय सांगतं

सिग्मंड फ्रॉइड यांचं स्वप्नांवरचं प्रसिद्ध पुस्तक १८९९ च्या शेवटी बाजारात आलं, छापलेलं साल मात्र १९००. फ्रॉइडच्या सगळ्या गोष्टी आज कोणी मान्य करत नाही. पण परीक्षेच्या स्वप्नाबद्दल त्याने एक मजेदार निरीक्षण नोंदवलं, आणि ते मूळ त्याच्या एका सहकाऱ्याचं होतं. ज्या परीक्षेत आपण पास झालेलो असतो, तिचीच स्वप्नं पडतात! फ्रॉइडला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या परीक्षा स्वप्नात यायच्या. न्यायवैद्यकशास्त्रात तो नापास झाला होता, त्या परीक्षेचं स्वप्न त्याला कधीच पडलं नाही. त्याचं म्हणणं असं की उद्या काहीतरी जबाबदारीचं काम असलं की मन जुनी भीती काढून दाखवतं आणि जणू सांगतं, 'अरे, तेव्हाही असाच घाबरला होतास, पण झालास ना पास?'

हा नियम सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. पण उद्या सकाळी करून बघा. स्वप्नातला पेपर कुठला होता ते आठवा, आणि खरोखर त्यात किती मार्क पडले होते तेही आठवा.

दहावी-बारावीच्या पालकांसाठी आणखी एक. २०१४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी वैद्यकीय शिक्षणाच्या स्पर्धा परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांना त्यांची स्वप्नं विचारली. आदल्या रात्री सुमारे ६० टक्के मुलांच्या स्वप्नात परीक्षाच आली होती, आणि त्यातली बहुतेक स्वप्नं वाईट होती: उशीर झाला, उत्तरं आठवेनात. गंमत पुढे आहे. ज्यांना असं स्वप्न पडलं त्यांना प्रत्यक्षात सरासरी मार्क जास्त मिळाले. स्वप्नामुळे मिळाले असं कोणी म्हणत नाही. ज्या मुलाचं मन अभ्यासात गुंतलंय त्याला तशी स्वप्नं पडत असावीत, असंही असेल. पण मूल पहाटे दचकून उठलं आणि म्हणालं, "आई, मी नापास झालो," तर "अरे देवा, अपशकुन" म्हणू नका. "बरं झालं, रंगीत तालीम झाली," म्हणा आणि दूध द्या.

स्वप्न वाचायचं कसं

आता मुख्य मुद्दा. बाजारात स्वप्नांचे कोश मिळतात, पाणी म्हणजे हे, पायरी म्हणजे ते. मी त्यांचा उपयोग करत नाही. नदीकाठी वाढलेल्या माणसाचं पाणी वेगळं आणि टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईचं पाणी वेगळं. आपल्या स्वप्नाचा कोश आपल्याचजवळ असतो.

अमेरिकेतल्या क्लारा हिल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी समुपदेशनासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांना मी साध्या मराठीत शोध, उमज आणि कृती म्हणते. एका बाईंचं उदाहरण देऊन सांगते. त्या आपल्या सोसायटीतल्या नाहीत. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय अठ्ठावन्न. मिस्टर अचानक गेले. बँक, विमा, सोसायटीचे कागद, सगळं तेच बघायचे. ते गेल्यावर तीन-चार महिन्यांनी बाईंना एक स्वप्न पडू लागलं. त्या बँकेच्या रांगेत उभ्या आहेत. खूप वेळाने नंबर येतो, आणि काउंटरमागचा माणूस कागद परत सरकवतो: "सही जुळत नाही." घामाने जाग येते. आठवड्यातून दोन-तीनदा. बहिणीने सांगितलं, भावजींचा जीव पैशाअडक्यात अडकलाय, शांत करून घे. त्यांनी शांत केली, मनाला थोडं बरं वाटलं, पण स्वप्न थांबेना.

पहिली पायरी, शोध. मी त्यांना उशाशी वही ठेवायला सांगितली. उठल्याबरोबर, चहाच्या आधी, आठवेल तेवढं लिहायचं. अर्थ लावायचा नाही. जागा कोणती, माणसं कोण, मी काय करत होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटात काय वाटत होतं. त्यांनी लिहिलं: "भीती नाही. लाज."

दुसरी पायरी, उमज. मी विचारलं, "ही अशीच लाज दिवसा कधी वाटते?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मुलगा म्हणतो ना, आई, तू राहू दे, तुला कळणार नाही, मी बघतो. तेव्हा." मुलगा चांगला आहे हो, आईला त्रास नको म्हणूनच म्हणतो. पण बाईंच्या मनात त्याचं भाषांतर होत होतं: 'माझी सही या घरात चालत नाही.' स्वप्न बँकेचं नव्हतंच. पेन्शनचे कागद, फ्लॅट आपल्या नावावर करण्याचा अर्ज, सगळं आठ महिने कपाटात पडून होतं, आणि प्रत्येक जाणाऱ्या महिन्याबरोबर त्या स्वतःच्याच नजरेत थोड्या लहान होत होत्या.

मग मी आणखी एक प्रश्न विचारला, आणि हा प्रश्न तुम्हीही नक्की विचारा. "स्वप्नात तुम्ही काय चांगलं करत होता?" त्यांना आधी कळेना. आम्ही वही पुन्हा वाचली. प्रत्येक स्वप्नात त्या रांगेत उभ्या होत्या. एकदाही रांग सोडून घरी गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "खरंच की!" आपण वाईट स्वप्न आठवतो तेव्हा फक्त झालेली फजिती आठवतो. त्या फजितीतही आपण टिकून असतो, पळत असतो, शोधत असतो, दार ठोठावत असतो. ते आपलं बळ असतं, त्याची मोजदाद कोणी करत नाही.

तिसरी पायरी, कृती. तिचे दोन भाग. पहिला, स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा. बॅरी क्रेको या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत मोठ्या आघातातून गेलेल्या स्त्रियांच्या दुःस्वप्नांसाठी वापरली, आणि २००१ साली तिचे चांगले परिणाम प्रसिद्ध झाले. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न हवं तसं बदलायचं आणि ते नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. बाईंनी लिहिलं: काउंटरवाला म्हणतो सही जुळत नाही, मी म्हणते, "बरोबर आहे, ती जुनी आहे. नवीन सहीचं कार्ड द्या." बस, एवढंच.

दुसरा भाग, प्रत्यक्षात एक लहान पाऊल. हे मात्र गाळता येत नाही. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कोणीतरी धीर देणं आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सगळ्यात पक्की वाट पहिली. नुसता स्वप्नाचा अर्थ कळून आत्मविश्वास येत नाही. अर्थ कळला की पाऊल कुठे टाकायचं ते कळतं, आणि पाऊल टाकल्यावर विश्वास येतो.

त्या बाई पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या त्या फक्त पासबुक भरून घ्यायला. पुढच्या वेळी सहीचं नवं कार्ड. मग कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद. मग मुलाला शेजारी बसवून, पण स्वतःच्या हाताने, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या हस्तांतराचा अर्ज भरला. स्वप्न एकदम थांबलं का? नाही. पुढे दोन-तीनदा पडलं. त्यातल्या एका स्वप्नात त्यांच्या हातात पेन होतं, एवढाच फरक. मग ते पडेनासं झालं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं एक वाक्य: "आता मुलगा म्हणाला ना, मी बघतो, तर मी म्हणते, आपण दोघं बघू."

जाता जाता: इथे बसलेल्या ज्या ज्या जोडप्यांनी अजून नामनिर्देशनाचा फॉर्म सोसायटीत दिलेला नाही, त्यांनी तो याच आठवड्यात द्या. सेक्रेटरी मान हलवताहेत बघा.

माझं स्वप्न

मंडळी, दुसऱ्याचंच सांगितलं तर बरं दिसणार नाही. माझ्या आईला विस्मरणाचा आजार झाला आणि ती माझ्याकडे राहायला आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वर्षी मला एक स्वप्न वारंवार पडायचं. मी आपल्याच लिफ्टमध्ये आहे. बटण दाबलंय. माझा मजला येतो, दाराच्या जाळीतून माझं दार दिसतं, आणि लिफ्ट न थांबता वर जाते. परत खाली येते, परत पुढे जाते.

मी वही काढली. पोटात काय वाटत होतं? थकवा. दिवसा तसं कधी वाटतं? सतत. आईच्या मागे मागे फिरताना मी माझ्याच घरात असून घरी पोचत नव्हते. आणि स्वप्नात मी काय करत होते? एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. लिफ्टमध्ये धोक्याची घंटा असते, ती मला एकदाही सुचली नव्हती. वॉचमनला हाक मारणंही नाही. शिकवण्याच्या पेशात आयुष्य गेलेल्या बाईला मदत मागण्याची सवय नव्हती.

त्या आठवड्यात मी समोरच्या वहिनींना विचारलं, मंगळवारी दोन तास आईजवळ बसाल का? त्या म्हणाल्या, "अहो, विचारायला इतके दिवस का लावलेत?" पुढे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा येऊन आईशी पत्ते खेळायला लागले. ती पत्ते विसरायची, ते दर वेळी नव्याने शिकवायचे. आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. ती शेवटपर्यंत घरीच राहू शकली, ती तुम्हा लोकांमुळे. आत्मविश्वास म्हणजे सगळं एकट्याने पेलणं अशी आपली समजूत असते. कोणाचं दार वाजवावं हे माहीत असणं आणि ते वाजवण्याचा धीर असणं, हासुद्धा आत्मविश्वासच आहे, हे मला त्या वर्षी कळलं.

थोडी सावधगिरी

मोठा अपघात, अत्याचार, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, यांनंतर तीच घटना रोज रात्री स्वप्नात येत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, तर घरच्या घरी वही-पेन पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. घरातलं वयस्कर माणूस झोपेत लाथा मारत असेल, स्वप्नाप्रमाणे हातवारे करून ओरडत असेल, तर थट्टेवर नेऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तो एका वेगळ्या आजाराचा भाग असू शकतो.

आणि कृपा करून दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ त्याला न विचारता सांगू नका. विशेषतः सुनेच्या आणि सासूच्या.

माझं भाषण संपलं. आता प्रश्न विचारा.

प्रश्नोत्तरे

*एक ज्येष्ठ सभासद:* माझी ब्लडप्रेशरची गोळी बदलली तेव्हापासून चित्रविचित्र स्वप्नं पडतात. वय झालं म्हणायचं का?

तसं धरून चालू नका. ब्लडप्रेशरच्या काही औषधांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, ठळक किंवा भीतिदायक स्वप्नं पडू शकतात. डॉक्टरांना सांगा, ते औषध किंवा वेळ बदलतील. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

*एक तरुण:* मला स्वप्नंच पडत नाहीत, मग मी काय लिहू?

पडतात, आठवत नाहीत. तुम्ही रात्री दोनला झोपता आणि गजर लावून उठता, हे मला तुमच्या गॅलरीतल्या दिव्यावरून माहीत आहे. पुरेशी झोप घ्या. जाग आल्यावर मोबाइल उचलण्याआधी दोन मिनिटं न हलता पडून राहा. हळूहळू आठवायला लागेल.

*एक आई:* मुलगी सारखी म्हणते, स्वप्नात कुत्रा मागे लागतो.

तिला कुत्र्याचं चित्र काढायला सांगा. मग म्हणा, आता यात तुला हवं ते घाल. कोणी त्याला साखळी घालेल, कोणी बिस्कीट देईल, कोणी टोपी घालेल. ती काय घालते ते तिचं तिला ठरवू द्या. आणि शाळेत किंवा खाली खेळताना कोणी त्रास देतंय का, ते सहज, न घाबरवता विचारा.

*शेवटच्या रांगेतून:* आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. स्वप्नात येतात, काही बोलत नाहीत, नुसते खुर्चीत बसलेले असतात. लोक म्हणतात त्यांचं काही राहिलंय.

तुम्हाला ते आल्यावर कसं वाटतं? ... बरं वाटतं ना? मग त्यांचं काही राहिलंय असं कशाला समजायचं? इतकी वर्षं ते त्या खुर्चीत बसत होते, मन अजून तिथे त्यांच्यासाठी जागा ठेवतंय. येऊ द्या त्यांना. सकाळी वहीत तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवा. आणि एखाद्या संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे या, चहा माझ्याकडे.